शितानं चिकटवलेली कार्डं

रविवारी सकाळी मनकर्णाबाई सानगडीच्या बसथांब्यावर जाऊन उभ्या राहतील, ही एकच गोष्ट हर्षाच्या डोक्यातून जात नव्हती. धुतलेलं पातळ नेसून, हातात रिकामी पिशवी घेऊन. दामिनीचं सामान त्यांना स्वतः उचलायचं असेल. साकोलीकडून येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या दाराकडे त्या बघतील, गाडी पुढे गेली की पदर सारखा करतील आणि पुन्हा बघतील. आणि दामिनी एकाही गाडीतून उतरणार नाही. कारण दामिनी पुण्यात आहे, आणि आपण सानगडीला यायचं कबूल केलंय हे तिला माहीतच नाही.

कबूल केलं होतं हर्षाने. आपल्या लेकीच्या, दामिनीच्या नावाने.

दुपारी पोस्टमन पाकीट टाकून गेला होता. दिवाळीसाठी निघालेलं कार्ड भाऊबीज उलटून दोन दिवसांनी भंडाऱ्याला पोचलं. दामिनी चार दिवस राहून आदल्याच संध्याकाळी परत गेली होती. पाकीट उघडताच ओळखीचा वास आला. धुराचा आणि थोडासा भाताचा. मनकर्णाबाई कार्ड डिंकाने चिकटवत नाहीत, शिताने चिकटवतात. उन्हाळाभर गावात येणाऱ्या लग्नपत्रिका त्या जमवतात, त्यांवरचे गणपती, कलश, मोर कापून ठेवतात आणि दसरा झाला की कार्डं करायला बसतात. यंदाच्या कार्डावर दोन मोर होते. एका मोराच्या पोटाखालून कुणाच्या तरी लग्नातलं 'चि. सौ. कां.' डोकावत होतं.

आत पेन दाबून दाबून लिहिलं होतं:

'दामिनीले मनकर्णामावशीचा आशीर्वाद. यंदा तलाव भरला. गुडघा दुखते पण मी चालतो. मागच्या पत्रात तू पुढच्या मंडईले येतो म्हणाली. मंडई रविवारी आहे. चिन्नोर तांदूळ काढून ठेवला. नवी चादर आणली. थांब्यावर मी येतो. तुह्या सगळ्या पत्राबद्दल आभार.'

आणि सगळ्यात खाली, शाळेतल्या पाटीवर लिहावेत तसे मोठे मोठे दहा आकडे. 'मोबाइल चंद्रकुमारनं देला. फोन मीच उचलतो.'

चंद्रकुमार म्हणजे त्यांचा मुलगा, नागपूरला कामाला. मुलगी नाही. दिवाळी संपली की त्या भागात गावोगाव मंडई भरते. बाजार लागतो, रात्री दंडारीचं लोकनाट्य रंगतं, आणि सासरी गेलेल्या लेकी पोराबाळांसह माहेरी येतात. ज्या घरात लेक नाही ते घर मंडईच्या दिवशी कसं दिसतं, हे हर्षाने सानगडीच्या आठ वर्षांत डोळ्यांनी पाहिलं होतं. मनकर्णाबाई त्या दिवशी दाराशी बसून दुसऱ्यांच्या लेकींना हाका मारायच्या. "काहून वो, बारीक झाली! सासू जेवाले देत नाई का?"

हर्षाचा नवरा हेमराज तेव्हा तिथे ग्रामसेवक होता. मनकर्णाबाई शाळेत पोरांची खिचडी शिजवत. दीडशे पोरांचा गंज, ते भलंमोठं पातेलं, चुलीवर एकट्या चढवायच्या आणि उतरवताना मात्र साऱ्या शाळेला ऐकू जाईल असा "सरका रे पोट्टेहो!" म्हणून आवाज टाकायच्या. दामिनी चौथीत असताना गुरुजींनी वर्गाला दिवाळीची कार्डं करायला सांगितली. सगळ्या पोरांनी आईबाबांना केली, गुरुजींना केली. दामिनीचा एक कागद उरला. त्यावर तिने गंज काढला, वाफ काढली आणि लिहिलं, 'मनकर्णामावशी, रोज खिचडी दिल्याबद्दल आभार.'

मनकर्णाबाईंना वाचता येत नव्हतं. चार दिवस ते कार्ड त्यांनी देवाच्या फोटोमागे ठेवलं. पाचव्या दिवशी हर्षाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"ताई, तुमच्या पोट्टीनं मले कायतरी लिवून देलं. कोणाले दाखवाची लाज वाटते. वाचून द्या."

हर्षाने वाचलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मग विचारलं, "आता याचं काय कराव लागते?"

"काय म्हणजे?"

"तिनं देलं. मंग मले बी द्याव लागन ना?"

अशी शिकवणी सुरू झाली. पोरं जेवून उठली की दामिनी स्वैपाकाच्या शेडमध्ये जाई, आणि मनकर्णाबाई विझलेल्या चुलीतला कोळसा घेऊन भिंतीवर अक्षरं काढत. दामिनी शिक्षिकेसारखी कमरेवर हात ठेवून म्हणायची, "मावशी, परत. पोट नीट काढ." मावशी म्हणायच्या, "माह्यं पोटच नीट नाई, तर याचं कुठून काढू!" दिवाळीच्या कार्डाचं उत्तर संक्रांतीला तयार झालं. दोन शब्द होते: 'दामिनी आभार.' ते कार्ड दामिनीच्या कपाटात अजून आहे.

मग त्यांना नादच लागला. ज्याने म्हणून काही केलं त्याला दिवाळीला कार्ड. पाय मुरगळला होता तेव्हा गाडी घरासमोर थांबवणाऱ्या कंडक्टरला. ताप उतरेपर्यंत दोनदा बघायला आलेल्या नर्सबाईला. हेमराजला आलं होतं, 'शेडवर टिना टाकून देल्या. आता वरणात पाणी गळत नाही. आभार.' नोकरीत त्याला दोन प्रमाणपत्रं मिळाली, ती कुठे गेली त्याला ठाऊक नाही. हे कार्ड मात्र तीन बदल्यांमध्ये टेबलाच्या काचेखाली त्याच्याबरोबर फिरलं.

भंडाऱ्याला आल्यावर दर दिवाळीला कार्ड येत राहिलं आणि दामिनी उत्तर लिहीत राहिली. ती पुण्याला नोकरीला लागली, त्या वर्षी हर्षाने कार्डाचा फोटो काढून पाठवला. दामिनीने एक लाल बदाम पाठवला. 'किती गोड! मावशीला थँक्स सांग.' आता तो बदाम सानगडीला पोस्टाने कसा पाठवायचा? हर्षा आठवडाभर वाट बघत राहिली आणि मग एका दुपारी स्वतःच पेन घेऊन बसली. 'प्रिय मावशी' असं लिहिलं आणि खाली 'तुझी दामिनी'. एकदाच, असं तिने मनाशी ठरवलं होतं. ते तीन वर्षं चाललं. मागच्या वर्षी पत्राच्या शेवटी जागा उरली, म्हणून लिहिलं, 'पुढच्या मंडईला नक्की येईन.' आपण लिहितोच तसं. पत्राचा शेवट बरा दिसतो.

मनकर्णाबाईंनी त्यावर चादर विकत घेतली होती.

चार वाजता हर्षाने दामिनीला फोन लावला.

"आई, मीटिंगमध्ये आहे. पटकन बोल."

"मनकर्णामावशीचं कार्ड आलं."

"अरे वा! फोटो टाक ना. गुडघा कसा आहे तिचा?"

"दुखतो म्हणते. दामू, रविवारी मंडई आहे सानगडीला. तुला येता…"

"आई! आजच तर पोचले मी. सतरा तास बसले गाडीत, पाठ सरळ नाही झाली अजून. काय झालं? काही प्रॉब्लेम आहे का?"

हर्षाच्या अगदी ओठांवर आलं होतं. "नाही गं," ती म्हणाली. "सहज."

"मग थँक्स सांग माझ्याकडून. आणि तू जेवत जा वेळेवर."

संध्याकाळी हेमराज आला, त्याने कार्ड वाचलं, चहा घेतला आणि पुन्हा वाचलं.

"मी तेव्हाच म्हटलं होतं," तो म्हणाला.

"काय म्हटलं होतं? तुम्ही तर पाकिटावर पत्ता घातला!"

"पत्ता खरा होता ना. माझा गुन्हा अर्धाच." मग तिचा चेहरा पाहून त्याने आवाज खाली आणला. "आता कायले जीव जाळून राहिली? लिही अजून एक. तब्येत बरी नाही म्हण. सुट्टी नाही म्हण."

"आज टाकलं तर रविवारपर्यंत पोचेल का?"

"मग फोन कर. दामिनीची आई बोलतेय, पोरीला ताप आहे. झालं."

हर्षाने कपाळावर आठी घातली. "माझ्या पोरीला मी ताप आणू? तोंडाने?"

"बरं, ताप नको. सुट्टी नाही." तो उठून गेला आणि दारातून परत वळला. "मी येऊ का शनिवारी? गाडीनं जाऊन सांगून येऊ."

"बघते," ती म्हणाली.

तिने खरंच कागद घेतला. फोनवर काय बोलायचं ते आधी लिहून काढावं म्हणून. 'मनकर्णाबाई, दामिनीला यायचं फार मनात होतं…' आणि पेन तिथेच थांबलं. कारण तिला बुंदीचा दिवस आठवला.

सव्वीस जानेवारी. झेंडावंदन झालं, पोरांना बुंदी वाटली. मुख्याध्यापक लक्ष्मणराव बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, आजच्या गोड बुंदीबद्दल आपण मनकर्णाबाईंचे मनापासून आभार मानू या. दीडशे पोरांनी टाळ्या पिटल्या. तेवढ्यात मागून, ओले हात पदराला पुसत मनकर्णाबाई पुढे आल्या.

"गुरुजी, थांबा जरा. थे बुंदी मी नाई पाडली. सुंदरानं पाडली. मी त पाक केला फक्त. टाळ्या तिले द्या."

मदतनीस सुंदराबाई लाजून चुलीमागे लपली. त्यांनी तिला हाताला धरून ओढत पुढे आणलं, आणि टाळ्या पुन्हा झाल्या.

परतताना हर्षाने हसत विचारलं होतं, "एवढ्या लोकांत बोलायची काय गरज होती? नंतर सांगितलं असतं गुरुजींना."

"ताई, दुसऱ्याच्या नावाचं ताट आपल्यापुढं आलं, त आपण जेवू का? सरकवूच ना ज्याचं त्याच्याकडं?" त्या म्हणाल्या होत्या, आणि लगेच विषय बदलून पाकाला किती साखर लागली ते सांगू लागल्या होत्या.

हर्षाने कागद खाली ठेवला. अशा बाईपुढे आपण तीन वर्षं दुसऱ्याच्या नावाचं ताट वाढत होतो. आणि त्या पोटभर जेवत होत्या. वरून आभार मानत होत्या.

तिने कपाटातून जुनी कार्डं काढली, सगळ्यात खालची आधी. सानगडीत एका पावसाळ्यात हर्षाला टायफॉइड झाला होता. हेमराज दिवसभर दौऱ्यावर. एकवीस दिवस मनकर्णाबाई शाळा सुटली की दामिनीला आपल्या घरी नेत, वेणी घालत, जेवू घालत आणि अंधार पडायच्या आत आणून सोडत. हर्षा बरी झाली, कामाला लागली, मग बदली झाली. त्या एकवीस दिवसांबद्दल तिने मनकर्णाबाईंना कधी काही म्हटलं नव्हतं. म्हणू म्हणू म्हणता राहून गेलं. 'मावशी, तू माझ्या वेण्या घालायचीस, तो तुझा हात अजून आठवतो' हे दामिनीच्या नावाच्या पहिल्याच पत्रात लिहिताना तिचे डोळे भरून आले होते. दामिनीला तो हात आठवत होता की नाही, देव जाणे. खाटेवर पडल्या पडल्या रोज संध्याकाळी पोरीची घट्ट, तेल लावलेली वेणी बघणारी हर्षा होती.

तिने दिवे लावले. सात वाजत आले होते. सानगडीत लोक लवकर जेवतात, आठनंतर मनकर्णाबाई अंथरुणावर असतील. शनिवारी गाडीने जाऊन सांगायचं म्हणजे अजून दोन दिवस त्या तांदूळ निवडणार, चादरीची घडी घालणार, शेजारणींना सांगणार. जेवढा उशीर, तेवढी त्यांची निराशा मोठी.

आणि त्या काय म्हणतील? रागावतील, तर रागावू देत. कदाचित नुसतं "हाव का" म्हणतील, आणि ते सगळ्यात वाईट. पुढच्या दिवाळीला कार्ड येणार नाही. दामिनीला कळेल, आणि तीही विचारेल, आई, असं का केलंस? या सगळ्याची भीती हर्षाला एकदम वाटून गेली. पण थांब्यावर उभ्या असलेल्या, पदर सारखा करणाऱ्या मनकर्णाबाई त्या भीतीच्या मधोमध तशाच उभ्या होत्या.

"मी दामिनीला नंतर सांगते," ती आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाली. "आधी त्यांना सांगते."

"काय सांगशील?" हेमराजने विचारलं.

"खरं ते. पत्रं माझी होती. आणि रविवारी आपण दोघं येऊ म्हणून विचारते. चालत असेल तर."

"टिनांचं विचार," तो म्हणाला. "गळत तर नाहीत ना."

हर्षाने कार्ड दिव्याखाली धरलं. मोराच्या पिसाऱ्यामागचं एक शीत वाळून सुटलं आणि तिच्या तळहातावर पडलं. खालचे दहा आकडे एवढे मोठे होते की चष्मा लागला नाही. 'फोन मीच उचलतो.' पहिलं वाक्य तिने मनाशी एकदा म्हणून पाहिलं: मनकर्णाबाई, मी हर्षा बोलतेय, दामिनी नाही, हर्षा. मग एकेक आकडा दाबत गेली.