मामांनी टाकलेले दोन राजे

आमच्या कारखान्यात क्रेन चालवणारी म्हणून ती क्रेनताई. पहाटे पावणेपाचला तिचा दिवस सुरू व्हायचा. आधी आईचं जेवण कुस्करून ठेवायचं, मग कारखाना. आईच्या तोंडात एकही दात उरला नव्हता. ताईला तिच्यासाठी कवळी करायची होती आणि साध्या पगारात ते बसत नव्हतं.

त्या वर्षी भट्टीची दुरुस्ती निघाली. चार रविवार, दुप्पट मजुरी, पण क्रेनवर माणूस एकच हवा. क्रेन चालवणारे तिघं: ताई, मामा आणि जाड्या. असं काम आमच्याकडे जेवणाच्या सुट्टीत पोकर खेळून ठरायचं. पैशांऐवजी वॉशर लावायचे. भोंगा होईल तेव्हा ज्याच्याकडे जास्त, काम त्याचं. पत्ते मी वाटायचो.

पहिल्याच डावात ताईने हातात काही नसताना, मोठी पानं असल्यासारखे वॉशर लावून जाड्यावर थाप मारली. जाड्या दुर्री घेऊनही शेवटपर्यंत बसणारा. ताईचे निम्मे वॉशर गेले.

मी म्हटलं, "त्याला कशाला घाबरवतेस? तो पान सोडतो कधी?"

"चुकलंच," ती म्हणाली.

मग ती हलकी पानं टाकत चांगल्या पानांची वाट बघत राहिली. तीन एक्के आले तेव्हा भरपूर लावलं. जाड्या सवयीप्रमाणे चिकटला आणि धुऊन निघाला.

उरले मामा. ते ताईच्या थोडे पुढे होते आणि वॉशर जिवापाड जपत होते. भोंग्याला पाच मिनिटं होती. ताईकडे दोन बदाम, मधल्या उघड्या पानांत दोन, शेवटचं पान यायचं होतं; पाच बदाम जुळले की डाव जवळपास तिचाच. तिने वॉशरचा ढीगच पुढे सरकवला. नुसती थाप असती तर मामांच्या घाबरण्यावरच सगळं होतं. इथे ते नाही घाबरले, तरी पाचवा बदाम यायची आशा होती, पाचात एकदा का होईना.

मामांनी मान खाजवली. पुढच्या डावात बघू म्हणत दोन राजे उघडेच टाकून दिले आणि डाव ताईला गेला.

"दाखव तरी," ते म्हणाले.

"बघायचं होतं तर वॉशर लावायचे होते, मामा."

पुढच्या डावात तिने खराब पत्ते निमूट टाकले. डिवचलेला माणूस आता हटणार नाही, हे तिला कळत होतं. डावात बसण्याचा एक वॉशर गेला. भोंगा झाला. ताई चारने पुढे.

पत्त्यांनी काम मिळालं, केलं मात्र तिने. चार रविवार भट्टीच्या डोक्यावर, केबिन तव्यासारखी तापलेली. एकही वीट खाली पडू दिली नाही.

त्या मजुरीतून आईची कवळी झाली. वरची आणि खालचीही.