गुड्डूभैयाच्या फोनमधली गल्ली

आमच्या गाझियाबादच्या सोसायटीमागच्या गल्लीत एक सरकारी दवाखाना आहे. तिथं दर शनिवारी मी आणि शेजारच्या कांबळेताई टेबल टाकून लोकांना मोबाइलवरून डॉक्टरांची वेळ काढून देतो. माझी पाच वर्षांची लेक इराही सोबत येते. किस्से इतके साठतात की नवरा विचारतो, "तू समाजसेवेला जातेस की पिक्चरला?"

या आठवड्यात मात्र माझी झोप उडाली होती. आमचे कपडे इस्त्री करणारी सुनीता आठव्या महिन्यात, पाय सुजलेले, बीपी वाढलेलं. नर्सदीदी म्हणाली होती, "बड़ी डॉक्टर से वीडियो पर बात कराओ, जल्दी." झालं! इंटरनेटवर नको ते वाचून घाबरणं मला अगदी छान जमतं.

*

गल्लीत निम्म्या लोकांनी दवाखान्यात नंबर दिलाय तो किराणा-रिचार्जवाल्या गुड्डूभैयाचा. कारण त्याचा फोन कायम चार्ज असतो! त्यामुळे सगळ्यांचे मेसेज त्यालाच. एकदा दुकानातूनच ओरडला, "पिंकी की मम्मी, तीसरा महीना लग गया, बधाई हो!"

पिंकीच्या मम्मीनं घरात अजून कुणाला सांगितलंच नव्हतं!

*

रामौतार चाचांना गुडघ्यासाठी व्हिडिओ कॉल लावून दिला. चाचांनी सवयीनं फोन कानाला लावला. पलीकडे डॉक्टरांना स्क्रीनभर कानच कान!

"चाचा, तकलीफ़ कान में है?"

"नहीं साहब, घुटने में."

"अच्छा. कान तो एकदम साफ़ है!"

*

एकदा माझ्याच फोननं मला विचारलं, तुम्ही माणूसच आहात ना? मग झेब्रा क्रॉसिंगचे फोटो निवडा. मी तीनदा नापास. कांबळेताई नागपूरच्या, त्या कशाला सोडतात! "काहून गं, एम.ए. कशात केलं म्हणतेस?"

*

सुनीताचा नंबर म्हणजे तिच्या नवऱ्याचा. तो मानेसरच्या फॅक्टरीत, आणि तिथं फोन गेटवर जमा करावा लागतो. म्हणजे ओटीपी येणार तो कुलपातल्या फोनवर! मी पुन्हा पुन्हा रिंग दिली, तेव्हा गार्डनं वैतागून उचलला.

"मैडम, फोन भी अंदर है, आदमी भी अंदर है. पर दोनों अलग-अलग अंदर हैं!"

शेवटी तिचाही नंबर गुड्डूभैयाचाच टाकला.

*

आणि काल एकदाचा व्हिडिओ कॉल लागला. पण फोन गुड्डूभैयाचा, म्हणून सल्लाही त्याच्याच दुकानात. सुनीता स्टुलावर, डोक्यावरचा पदर नाकापर्यंत. मागे सासू. बाजूला साबण घ्यायला आलेले दोघं, तेही थांबले ऐकायला. तांदळाच्या पोत्यावर इरा.

डॉक्टर मॅडम भल्या वाटल्या. "बेटा, सिर दुखता है?"

सुनीतानं सासूकडे पाहिलं. "नहीं जी."

"चक्कर? आँखों के आगे धुंधला?"

"नहीं जी. सब ठीक है."

गुड्डूभैयानंही मान डोलावली, सब ठीक है! बोलू की नको, या विचारात मी ओठ चावत उभी. माझं आपलं नेहमीचंच.

"चलो, फिर अगले हफ़्ते दिखा देना," म्हणत मॅडमनी कॉल बंद करायला हात पुढे केला.

तेवढ्यात इरा पोत्यावरून उतरून थेट स्क्रीनसमोर गेली.

"डॉक्टर आंटी, इनको सुबह से दो-दो इरा दिख रही हैं. पर मैं तो एक ही हूँ ना?"