बाबा पाच वाजता निघतात

"अरे ए! साइड हो! लाइन मत तोड़!"

आमच्या सायकल-गटाचा कॅप्टन ओरडला तेव्हा रविवारचे सकाळचे साडेसहा वाजले होते. नवा रायपूरचा रुंद रस्ता रिकामा होता. आम्ही अकरा सायकली, एकामागे एक. मी चौथा. समोर डाव्या कडेनं एक म्हातारा काळ्या, बावीस इंची सायकलवर चालला होता. कॅरिअरला पाण्याच्या पाइपचं भेंडोळं, हँडलला डबा. तो कडेलाच होता. ओरडणं ऐकून त्यानं मागं वळून पाहिलं आणि पुढचं चाक डांबरावरून मुरमात उतरलं. तो पडला. डबा उघडला. भात मातीत.

कोणी थांबलं नाही. पुढच्या चौकात पाणी प्यायला थांबलो. तोवर तो उठून उभा राहिला होता आणि आमच्याकडं पाहत होता.

"चलाना आता नहीं, मेन रोड पर आ जाते हैं," कॅप्टन म्हणाला.

"चाचा को भी मेडल दे दो भैया. गिरने का," दुसरा एकजण म्हणाला.

सगळे हसले. मी हसलो. कॅप्टननं मला विचारलं, "तेरे को ही देख रहा है यार. जानता है क्या?"

मी म्हणालो, "नहीं भैया. कोई माली होगा."

ते माझे वडील होते.

मी एका हिंदी दैनिकात उपसंपादक आहे. कोण, कुठं, किती वाजता, हे दुसऱ्यांच्या बातम्यांत तपासणं माझं काम. इथंही तपासूनच लिहितो आहे. बाबा कंत्राटी माळी आहेत. नवा रायपूरच्या दुभाजकावरच्या झाडांना पाणी घालतात. त्याआधी रेल्वेचे डबे धुवायचे, तेही कंत्राटावर. आमच्या पाऱ्यापासून, म्हणजे वस्तीपासून, कामाची जागा वीस किलोमीटर. इतक्या पहाटे बस नाही. जाऊन-येऊन रोजचे चाळीस. आमच्या गटात रविवारी चाळीस पूर्ण झाले की फोटो काढतात.

गटात नाव नोंदवताना फॉर्मवर एक प्रश्न होता. सायकल का चालवता? मी लिहिलं, फिटनेस. ते खोटं होतं. हेल्मेट, गॉगल आणि जर्सी घातली की माणूस कुठल्या पाऱ्यातून आला ते दिसत नाही. हे माझं कारण. आम्ही बौद्ध. आजोबा विदर्भातून रेल्वेच्या कामाला आले आणि इथलेच झाले. पहिल्याच दिवशी कॅप्टननं विचारलं होतं, "मराठी हो? तो पंडित होगे." पंडित, म्हणजे ब्राह्मण. सदर बाजारात त्याचं मोठं दुकान आहे. त्याच्या विचारण्यात दुष्टावा नव्हता. खात्री होती. मी हसून मान डोलावली. जर्सीवर फक्त पहिलं नाव छापून घेतलं. शर्यतींत उतरायचो तेही याचसाठी. तिथं पाठीवर नंबर असतो. आडनाव कोणी विचारत नाही.

त्या संध्याकाळी आई बाबांच्या कोपराला हळद लावत होती.

"कोन होते ते?"

"शायकलवाले. घाईत होते."

"थांबले बी नाही?"

"जाऊ दे. गर्दीत कोनाची वयख पटत नाही," बाबा म्हणाले. माझ्याकडं न पाहता.

ओळख पटू नये इतकी अकरा जणांची गर्दी नसते. बापानं मला सबब दिली होती. मी ती घेतली. "हाँ बाबा," म्हणालो आणि जेवायला बसलो. घरी ते मराठीत बोलतात, मी हिंदीत उत्तर देतो. बरीच वर्षं असंच चालू आहे.

दुसऱ्या दिवशी गटाच्या व्हॉट्सॲपवर व्हिडिओ आला. कॅप्टनच्या मागच्याच्या हेल्मेटवर कॅमेरा असतो. बाबा वळून पाहतात, चाक उतरतं, पडतात. मग चौकातलं हसणं. त्यात माझा आवाज ओळखू येतो. खाली लिहिलं होतं, 'इसलिए हेल्मेट पहनो.' त्याखाली अंगठ्यांची रांग. मीही अंगठा टाकला. नसता टाकला तर कोणी विचारलं असतं असंही नाही. तरी टाकला.

पुढचे तीन रविवार मी गटाबरोबर त्याच रस्त्यानं गेलो. येणारी शर्यत तिथंच होती, म्हणून सराव तिथं. बाबा दिसले नाहीत. मला बरं वाटलं. हेही लिहून ठेवतो, बरं वाटलं.

चौथ्या रविवारी पहाटे आईचा आवाज ऐकला. "आजबी काहून इतक्या लवकर? ड्युटी तं सातची हाय."

बाबा म्हणाले, "आयतवारी लवकरच बरं. रस्ता खाली राहते."

पाच वाजले होते. एरवी ते पावणेसहाला निघतात. सोमवार ते शनिवार अजूनही पावणेसहालाच निघत होते. फक्त रविवारी पाच. माझा गट यायच्या आत त्यांना तो रस्ता पार करायचा होता.

मी बाहेर आलो. ते चाकात हवा भरत होते. मी मराठीत बोललो.

"बाबा, त्या दिवशी मी वयखलं होतं तुमाले."

पंप थांबला नाही. "मालूम हाय. शायकलीवर बसलेला पोट्टा मले दुरून बी कळते. म्याच शिकवलं तुले."

"मंग आवाज काहून नाही देल्ला?"

"देल्ला असता तं तू काय म्हटलं असतं त्यायले?"

मी सायकलचं हँडल धरलं.

"म्हून नाही देल्ला."

"मी त्यायले सांगतलं, कोनी माळी असंल."

आता पंप थांबला. त्यांनी व्हॉल्व्हचं टोपण लावलं, हात पुसले.

"मले सांगून काय होते? मी तं वयखतो तुले. ज्यायले नाही म्हटलं, त्यायले सांग."

आणि ते निघाले. माफ केलं असं म्हणाले नाहीत. मीही माफी मागितली नाही.

शर्यतीच्या आदल्या दुपारी एका हॉटेलच्या हॉलमध्ये नंबर वाटले गेले. तिथली रीत अशी की नंबर घेताना माइकवर नाव सांगायचं आणि आपण सायकल का चालवतो ते सांगायचं. एकानं शुगर सांगितली. एकानं ऑफिसचं टेन्शन. टाळ्या पडत होत्या. माझी पाळी आली. मी माझं नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं, आडनाव सांगितलं. मग म्हणालो ते असं:

"वीडियो में जो गिरे थे, वो मेरे पिताजी हैं. भैया ने पूछा था, जानता है क्या. मैंने कहा, नहीं. झूठ बोला था. मैं साइकिल इसलिए चलाता था कि आप लोगों जैसा दिखूँ."

टाळ्या नाहीत. कॅप्टन उठून जवळ आला, खांद्यावर हात ठेवला. "अरे यार, पहले बताना था न. अंकल तेरे पापा हैं, पता होता तो हम सॉरी बोल देते."

चाचाचे आता अंकल झाले होते.

"मेरे पिताजी नहीं होते तो?" मी विचारलं.

त्यानं हात काढला. मागून कोणीतरी म्हणालं, "मूड मत खराब कर भाई. प्रोग्राम चलने दो."

प्रोग्राम चालला. मी नंबर घेतला. संध्याकाळी व्हिडिओ ग्रुपवरून काढला गेला. कोणी काही लिहिलं नाही. माझ्या फोनमध्ये तो आहे. मी पुसणार नाही.

दुसऱ्या दिवशी शर्यतीत मी कोणाच्या चाकामागं लागलो नाही, एकटा चालवत होतो. अठराव्या किलोमीटरला दुभाजकावर बाबा पाणी घालताना दिसले. गटातले पाच-सहा जण माझ्या मागेच होते. मी गॉगल वर केला आणि ओरडलो, "बाबा!"

त्यांनी पाहिलं. हात केला नाही. हसले नाहीत. रस्त्यावर आलेला पाइप त्यांनी घाईघाईनं आत ओढून घेतला, मागून येणाऱ्यांचं चाक घसरू नये म्हणून.

मी सदतिसावा आलो.

गटानं मला काढलेलं नाही. मीही सोडलेला नाही. जर्सीवर आता पूर्ण नाव आहे. परवा रांगेत मी सर्वांत पुढं होतो. समोर कामावर जाणारी एक बाई सायकलवर होती. मी ब्रेक लावला आणि तिच्या मागं, तिच्या वेगानं चाललो. मागचे ओरडत होते. ओरडू दिलं. पुढंही ओरडू देईन.

बाबा अजून रविवारी पाच वाजताच निघतात. ज्या रविवारी ते पावणेसहाला निघतील, त्या रविवारपर्यंत या रस्त्यावरची एकही शर्यत मी सोडणार नाही; ते दिसले की सगळ्यांसमोर हाक मारीन. त्यानंतरचं त्यानंतर बघू.