सोनवण्यांच्या गाडीवरचे शेरे

निवृत्त माणसाच्या घरात दोन गोष्टी आपोआप साठतात. औषधांच्या रिकाम्या पट्ट्या आणि ऑफिसचे किस्से. पट्ट्या बायको टाकून देते. किस्से टाकता येत नाहीत आणि घरात ते ऐकायलाही कोणी थांबत नाही. मग ते कट्ट्यावर न्यावे लागतात.

आमचा कट्टा ठाकुर्लीला, बंद पडलेल्या दूध केंद्रासमोर. आम्ही चौघे ठाण्याच्या एकाच सरकारी कचेरीतून आगेमागे निवृत्त झालेलो. तावडे हिशेब तपासणीतला. समोर आलेल्या प्रत्येक कागदात खोट आहे, फक्त ती अजून सापडलेली नाही, या श्रद्धेवर त्याची नोकरी झाली. म्हात्रे इथलाच, जुन्या गावातला, आवक-जावक टेबलावर. सोनवणे रेकॉर्ड रूममध्ये. मागितलेली फाईल पाच मिनिटांत काढून देणारा कचेरीतला तो एकटा माणूस, त्यामुळे सगळ्यांचा त्याच्यावर संशय! आणि मी साठे, फाईलवर शेरा लिहिणारा. माझ्या शेऱ्यामुळे तीस वर्षांत एकही काम चुकीचं झालं नाही. तसं पाहिलं तर एकही काम झालं नाही.

सोनवणे मला अजून ‘साठेसाहेब’ म्हणतो. निवृत्तीनंतरही त्याची ती सवय गेली नाही, आणि म्हणू नकोस असं सांगायची सवय मला लागली नाही.

*

एके दिवशी सोनवणे म्हणाला, “साठेसाहेब, गाडी घ्यायची म्हणतो. जुनीच. पहिलीच.”

“आता? या वयात? कशाला?” तावडेने एका दमात तीन हरकती घेतल्या.

सोनवणे नुसता हसला. उत्तर मिळालं ते त्याच्या घरी चहाला गेल्यावर, सुमनवहिनींकडून.

“माझं माहेर महाडजवळ,” वहिनी म्हणाल्या. “एसटी गावच्या नाक्यावर थांबते. आमची बौद्धवाडी पार टोकाला. लग्न झाल्यापासून दर वेळी पिशव्या घेऊन अख्ख्या गावादेखत चालत गेलेय. ओट्यावर बसलेली माणसं नुसती बघत राहायची. एकदा मला गाडीतून जायचंय. ह्यांनी चालवायची, मी पुढे बसणार. आणि काच वर. गाव संपेपर्यंत खाली करायचीच नाही.”

तावडे म्हणाला, “अहो वहिनी, पण हवा?”

“हवा वाडीत गेल्यावर खाऊ!”

यावर आम्ही चौघेही एकमताने आतून हललो. मी घरी आलो आणि एक कोरी फाईल काढली. विषय : जुने वाहन, खरेदीबाबत. नियम असा ठरला की चौघांच्या सह्या झाल्याशिवाय व्यवहार नाही. सोनवण्याचे पैसे, सोनवण्याची गाडी आणि सह्या चार! त्यात काही चुकतंय असं तेव्हा एकालाही वाटलं नाही. सोनवण्यालाही.

*

पहिली गाडी बघितली कळव्याला. एका निवृत्त मास्तरांची, चंदेरी रंगाची. मास्तर रोज सकाळी ती मऊ फडक्याने पुसायचे. सर्व्हिसिंगचे कागद तारखेवार लावलेले. पुढच्या सीटवर सुमनवहिनी बसल्या त्या उतरायलाच तयार होईनात.

म्हात्रेने बाजारात कलिंगड बघावं तशी चारही दारं बोटांनी ठोकून बघितली. “आवाज बरा हाय,” तो म्हणाला.

तावडे मात्र जास्तच गंभीर झाला. मला बाजूला घेऊन म्हणाला, “एवढी चांगली गाडी हा माणूस विकतोय कशाला?”

प्रश्न बिनतोड होता. मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, “मुलाने नवी घेतली. दोन गाड्या ठेवायला जागा नाही.”

“ते झालं सांगायचं कारण,” तावडे म्हणाला. “खरं कारण?”

त्यानंतर अर्धा तास आम्ही मास्तरांची चौकशी केली. शेवटी तावडेने दुसरी हरकत काढली, मागच्या काचा हाताने हँडल फिरवून वर घ्याव्या लागतात. मी शेरा लिहिला : ‘विक्रेत्याचा हेतू स्पष्ट होत नाही.’

मास्तरांनी तो वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, “अहो, माझा हेतू गाडी विकणं हा आहे!”

“तोच तर आम्हाला खटकतोय,” तावडे म्हणाला.

*

दुसरी वर्तकनगरला. मालक तरुण, बोलायला गोड. “काका, चालवून बघा ना, येऊरच्या चढावर घेऊन जाऊ!”

गाडीत मालक, आम्ही चौघे आणि आमची फाईल. तावडेचं वजन मी इथे लिहीत नाही, पण मागच्या सीटवर त्याच्या दोन्ही बाजूंना म्हात्रे आणि मी निम्मे निम्मेच बसलो होतो. निम्म्या चढावर गाडी घुरघुरली, थरथरली आणि थांबली.

“दम खाते!” तावडे विजयाने ओरडला.

मालकाने मागे वळून आम्हा तिघांकडे बघितलं. “काका, गाडी नाही दम खात. तुम्ही तिघं उतरा, मग बघा कशी जाते.”

आम्ही उतरलो. गाडी सोनवण्याला घेऊन सुसाट वर गेली. वीस मिनिटांनी खाली आली तेव्हा त्याचा चेहरा इतका खुललेला होता की मला शेरा लिहिताना जरा जड गेलं.

पण लिहिला. ‘पूर्ण भारासह चढ चढत नाही.’

या गाडीत महाडला जाणार ती दोनच माणसं, हे फाईलमध्ये कुठेच लिहिलेलं नव्हतं.

*

मधल्या काळात सोनवणे गाडी शिकला. ड्रायव्हिंग स्कूलचा मास्तर कट्ट्यावर येऊन त्याची तक्रार सांगायचा, “तुमचे काका सगळ्यांना रस्ता देतात हो! काल कल्याण रोडला एका म्हशीला दिला. म्हैस पण थांबली. दोघं एकमेकांना ‘तुम्ही आधी’ करत उभे, मागे अर्धा किलोमीटर लाइन!”

“हॉर्न वाजवायचा ना रे!” तावडे म्हणाला.

सोनवणे म्हणाला, “उगाच कोणावर कशाला ओरडायचं?”

लायसन्स पहिल्या फटक्यात मिळालं. त्याने ते प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून शर्टाच्या वरच्या खिशात ठेवलं. रेकॉर्ड रूमचा माणूस. कुठलाही कागद कधी लागेल सांगता येत नाही.

*

कल्याणला जुन्या गाड्यांचा एक दलाल गाठला. काळा चष्मा, हातात दोन फोन. “अंकल, ही बघा, लेडीज हँड! एकच मॅडम चालवायच्या. फक्त मंदिर आणि भाजी!”

वहिनी नेहमीप्रमाणे पुढच्या डाव्या सीटवर जाऊन बसल्या आणि पायाशी वाकून बघायला लागल्या. “अहो, इथे खाली दोन भोकं कसली?”

म्हात्रेने डोकं आत घातलं आणि तसंच बाहेर काढलं. “या बाजूला पण ब्रेक नि क्लच होता. ही शाळंची गाडी हाय रं! ड्रायव्हिंग स्कूलची!”

दलाल जराही डगमगला नाही. “मग काय झालं अंकल? इतक्या लोकांना शिकवलेली गाडी म्हणजे किती एक्सपीरियन्स बघा ना!”

तावडे त्याला कायदा ऐकवणार, तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, “ही घेऊन टाका की. भोकं आहेतच, ब्रेक परत बसवून घेऊ. ह्यांच्याशेजारी बसायचं तर मला पण एक लागेलच!”

दोन वर्षांत आम्ही बरोबर नाकारलेली गाडी ही एवढीच.

*

चौथी गाडी ठाकुर्लीतच मिळाली, हाकेच्या अंतरावर. लाल. म्हात्रेने ठोकली, पास. तावडेने चार दिवस कागद तपासले आणि सही केली. तावडेने सही केली ही बातमी आमच्या जुन्या कचेरीपर्यंत गेली! वहिनींनी पुढच्या सीटसाठी जुन्या साडीची उशी शिवली.

राहिली माझी सही. मी मुलीकडे नाशिकला गेलेलो, आठ दिवस. आणि फाईल माझ्या कपाटात, चावी माझ्या खिशात.

सोनवण्याचा फोन आला. “साठेसाहेब, मालकाकडे दुसरं गिऱ्हाईक आलंय. आज हो म्हटलं पाहिजे.”

वास्तविक मी फोनवर ‘घे’ म्हणालो असतो तरी चाललं असतं. सोनवण्याने मला न विचारता घेतली असती तरी चाललं असतं. पण तो विचारणारा होता आणि मी, विचारलं की सांगणारा.

मी म्हणालो, “आल्यावर बघू. घाई करू नये. गाड्या काय, खंडीभर आहेत.”

“बरं,” तो म्हणाला.

मी परत आलो तेव्हा लाल गाडी गेली होती. उशी वहिनींनी घरातल्या खुर्चीवर ठेवली होती. चहाला गेलो की नेमकी तीच खुर्ची मला द्यायच्या. माझी खात्री आहे, मुद्दाम नाही. मुद्दाम असतं तर जरा बरं वाटलं असतं.

*

नंतरच्या पावसाळ्यात सोनवणे चालताना धडकायला लागला. कधी खांबाला, कधी भाजीच्या गाडीला. नेहमी डाव्या बाजूला.

तावडे हसला, “काय रे, गाडी यायच्या आधीच कट मारायला लागलास?”

सोनवणेही हसला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू. समोरचं दिसतं, बाजूचं गेलं. गेलेलं परत येत नाही, राहिलेलं औषधाने टिकवायचं. आणि गाडी चालवायची नाही. कधीच.

हे त्याने कट्ट्यावर सांगितलं, अमुक फाईल सापडत नाही असं सांगावं तशा आवाजात. आणि खिशातलं लायसन्स काढून उगाचच पुसलं.

म्हात्रे म्हणाला, “मंग माझा पुतण्या नेतो ना तुम्हाला! एका दिवसात महाड जाऊन येतो.”

सोनवणे म्हणाला, “विचारलं मी सुमनला. म्हणाली, दुसऱ्याने चालवलेल्या गाडीतून जायचं असतं तर केव्हाच भाड्याने गेले असते.”

तावडेला एकही हरकत सुचेना. मी चाळा म्हणून पिशवीतली फाईल काढली आणि परत आत ठेवली.

म्हात्रे माझ्याकडे वळला. कधी नाही तो त्याचा आवाज चढला होता. “ठेवतोस कनाला? लिव ना आता! लिव तुजा शेरा!”

*

त्यानंतर दोन महिन्यांनी सोनवण्याने गाडी घेतली. आम्हाला न विचारता, एका दुपारी. सह्या शून्य.

मला कळलं ते त्याच्या बिल्डिंगच्या वॉचमनकडून. रविवारी संध्याकाळी पाचच्या सुमाराला गेलो. पार्किंगमध्ये, पाण्याच्या टाकीशेजारी, चंदेरी गाडी उभी. कळव्याच्या मास्तरांची!

मास्तर स्वतः चालवत आणून देऊन गेले होते. इतकी वर्षं विकली कशी नाहीत, असं सोनवण्याने विचारलं तर म्हणाले, “तुमची ती चौकशी झाल्यावर मलाच वाटायला लागलं की माझ्या मनात काहीतरी काळंबेरं असणार. मग कोणाला दाखवलीच नाही.”

गाडीचं इंजिन बंद होतं. स्टिअरिंगवर सोनवणे, इस्त्रीच्या शर्टात, दोन्ही हात जागच्या जागी. शेजारी सुमनवहिनी, कमरेमागे साडीची उशी. दोघांनी पट्टे लावलेले. मधल्या खाचेत चहाचा थर्मास.

मी खिडकीपाशी वाकून विचारलं, “काय सोनवणे, कुठे निघालात?”

“निघालो नाही साठेसाहेब,” तो समोर टाकीकडे बघत म्हणाला. “दुपारीच निघालेलो. माणगाव मागे टाकलं आत्ता. पेणच्या पुढे रस्ता फार खराब हो, खड्डेच खड्डे. म्हणून जरा उशीर झाला.”

“येताय का भावोजी?” वहिनी म्हणाल्या. “मागे जागा आहे.”

मी मागचं दार उघडून बसलो. फाईल पिशवीत होती, ती पायाशी ठेवली. सोनवण्याने आरशातून माझ्याकडे बघितलं आणि डावीकडचा सिग्नल दिला.

वहिनींनी पदर सारखा केला. ताठ बसल्या.

“भावोजी, तुमची काच वर घ्या,” त्या म्हणाल्या. “गाव आलं.”

मी हँडल फिरवायला लागलो.