खाचेतला रेणू

घरात तिला सगळे भागूबाई म्हणायचे. गॅस बंद केलाय का हे दोनदा बघायचं, कुलूप ओढून बघायचं आणि तरी अर्ध्या जिन्यातून परत फिरायचं, असा स्वभाव. नवरा म्हणायचा, "अगं, चोरसुद्धा कंटाळून निघून जाईल."

तिच्या कामाला मात्र असंच माणूस लागतं. प्रथिनांचे स्फटिक करायचे, त्यांच्यावर क्ष-किरण सोडायचे आणि उमटलेल्या ठिपक्यांवरून प्रथिनाचा आकार शोधायचा. स्फटिक चांगला असला तर अणू न् अणू ओळखू येतो. या खेपेचे स्फटिक अगदीच रडके निघाले. संगणकावर आलेला नकाशा धूसर, नुसते पुंजके. अशा नकाशाची एक वाईट खोड असते: आपण जे मांडून ठेवू तेच तो निमूटपणे परत दाखवतो.

औषध जिथे चिकटतं, प्रथिनाच्या त्या खाचेत तिने नकाशावर औषधाचा रेणू बसवला. छान बसला. प्रयोगशाळेचे सर खूश झाले, पेपर छापून आला, आणि वरच्या मजल्यावरच्या रसायनवाल्यांनी तोच आकार धरून नवं औषध करायला घेतलं.

खरं तर रेणू काढून टाकून गणित पुन्हा चालवायचं असतं. पुंजका परत उमटला तर रेणू खरा, नाहीतर आपल्याच मनाचे खेळ. नेमकं तेवढंच तिने केलं नव्हतं. कुलूप ओढून बघणाऱ्या बाईने! उत्तराची भीती वाटत होती, दुसरं काय.

एकदा वरच्या रसायनवाल्या ताई भेटल्या. "बाकीच्या औषधांचं काम बंद केलं गं. आता सगळी मदार तुझ्या नकाशावर."

खाली येऊन तिने रेणू काढला आणि गणित चालवलं.

खाच रिकामी होती. पुन्हा चालवलं, तरी रिकामीच.

तिने सरांना बोलावून पडदा दाखवला. मग त्यांनी दार लोटलं.

"मला शंका होतीच."

"मग विचारलं का नाहीत, सर?"

"विचारलं असतं तर तू काढून बघितलं असतंस." ते हळूच म्हणाले, "ठेव परत जागेवर. कोण बघायला बसलंय?"

सरांना खात्री आहे, एवढ्याच आधारावर ती आजवर गप्प राहिली होती.

ती वर गेली. ताई फोनवर कुणा पेशंटच्या आईला सांगत होत्या, "हो हो, औषध होणार. धीर धरा."

तिला बघून ताईंनी हसत खुर्ची दाखवली. ती बसली नाही. बसली असती तर खाच रिकामी आहे हे तोंडातून निघालं नसतं.