उशीपुरता पाचोळा

पेत्रोनेले व्हाइत्कुस उंबरा ओलांडताना पाय उंच उचलायची. गुडघे कामातून गेले तरी तिची ही सवय गेली नाही. उंबऱ्याच्या दगडाखाली साप असत, अंगावर तीन पिवळे पट्टे असलेले, बिनविषारी. आई लिथुआनियाहून मिशिगनला आली तेव्हा तिच्या डोक्यात तिकडचा घरसाप होता, झाल्तिस. इथला साप त्याच्यासारखा दिसतही नव्हता. तरी आईने त्याला तेच नाव दिलं आणि मुलांना बजावलं, घराचं बरंवाईट या दगडाखाली वेटोळं घालून बसलंय, त्याच्यावर पाय पडता कामा नये.

घरात आता दोघंच होती, ती आणि थोरला भाऊ कायेतोनास. दोघांनीही लग्न केलं नाही. का, हे विचारणारी माणसं चर्चच्या मागे जमिनीत गेली होती. घरामागे त्यांचं मेपलचं जंगल होतं. थंडी सरता सरता झाडांना भोक पाडून रस काढायचा, तो उकळून पाक करायचा, यात दोघांची हयात गेली. बऱ्याच वर्षांपूर्वी कायेतोनासचं कंबरेचं हाड मोडलं, तेव्हापासून त्याला जंगल दिसलं नव्हतं. गेल्या हिवाळ्यात त्याने अंथरूण धरलं. जूनमध्ये डॉक्टरने येणंही थांबवलं.

"पेत्रे, माझी उशी शिवलीस का?" त्याने एका सकाळी विचारलं.

"आधी सूप गिळ. मरायची घाई तुलाच झालीय."

"पेटीत आईच्या डोक्याखाली होती तशीच हवी. आपल्या जंगलातला पाचोळा भर. वरचा नको, वरचा टोचतो. खालचा, जुना, भिजून मऊ झालेला."

"मेल्यावर काय टोचणार आहे तुला?"

"तू शेजारी येशीलच की. तेव्हा सांगेन."

ती हसली आणि रिकामा अभ्रा घेऊन बाहेर पडली. जंगलात काय आहे हे तिला ठाऊक होतं. तरीही ती गेली, न जाऊन भावाला काय सांगणार होती?

लहानपणी या जंगलात पाय घोट्यापर्यंत रुतायचा. पाचोळ्याचे थरावर थर होते, सर्वांत खालचा थर ओल्या लोकरीसारखा. त्यात काळे, ओलसर, पालीसारखे दिसणारे सॅलॅमँडर आणि नखाएवढी बेडकं. तेव्हा साप हातात धरला की तो घाबरून पोटातलं ओकायचा, आणि त्यात बेडूक निघायचा. गांडूळ कधीच नाही, कारण जंगलात गांडूळच नव्हतं. ते होतं बागेत. वसाहतीतल्या लोकांनी आणलेल्या झाडांच्या मुळांना चिकटून ते समुद्रापलीकडून आलं होतं. जंगलखात्यातली एक बाई मागे येऊन गेली, ती म्हणाली होती की फार दक्षिणेला या देशाची स्वतःची गांडुळं आहेत, पण इथली जमीन हजारो वर्षं बर्फाखाली होती, इथे एकही गांडूळ उरलं नव्हतं. पुढे हे जंगल गांडुळांवाचूनच वाढलं.

तरुणपणी कायेतोनासला गांडुळांवाचूनचं जंगल बघवायचं नाही. "गांडूळ म्हणजे शेतकऱ्याचा बिनखर्चाचा बैल," तो म्हणायचा. "जंगलालाही नांगर नको का?" दर शरदात शेणखतातली जाडजूड गांडुळं बादलीत भरून तो मेपलखाली सोडून यायचा. मासे पकडून उरलेलीही तिथेच. पेत्रोनेले बादलीची दुसरी बाजू धरायची. मग साप वाढले. दगडाखाली मावेनात इतके, आणि लठ्ठ. कायेतोनास खूश. "बघ, जंगलाला बरकत आहे. साप खोटं बोलत नाही."

आता मेपलखाली उघडी काळी माती होती. गेल्या शरदात पडलेलं पान अन् पान गांडुळांनी बिळात ओढून संपवलं होतं. मुळं उघडी पडून म्हाताऱ्या हाताच्या शिरांसारखी वर आली होती. शेंड्याकडून झाडं वाळत होती आणि खाली एकही रोप नव्हतं. ती गुडघ्यांवर बसली. हाताला मातीच्या बारीक गोळ्या लागल्या. उशीपुरताही पाचोळा नव्हता.

परतताना दगडावर साप पडला होता. तिने तो उचलला. त्याने तिच्या मनगटावर दुर्गंधी सोडली आणि तोंडातून गांडुळांचा लालसर गुंता ओकला. एक अजून वळवळत होतं.

दुपारी ती चर्चमागच्या दफनभूमीत गेली. तिथला राखणदार बर्नादास कुंपणाशी पानांचा ढीग घालून ठेवायचा.

"लोक इथली फुलं चोरतात, पेत्रोनेलेबाई. कचरा चोरणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

"तुझ्या बायकोच्या केकपेक्षा बरा असेल. अभ्रा धर नीट."

त्याने धरला. "कायेतोनाससाठी?" तिने मान हलवली. मग तो थट्टा करायचा थांबला.

संध्याकाळी तिने उशी भावाच्या मांडीवर ठेवली. शिवण अजून उघडी होती. त्याने आत हात घातला, एक पान काढलं, बोटांनी त्याची कड चाचपली, नाकाशी धरलं.

"हे ओकचं आहे."

"असेल."

"आपल्याकडे ओक नाही."

ती कंदमुळांचं सूप ढवळत राहिली. वाऱ्याने आलं असेल, असं म्हणायचं ठरवलं होतं. शब्द तोंडात तयार होते.

"साप आहेत ना?" त्याने विचारलं.

"आहेत. पुष्कळ."

"लठ्ठ?"

"लठ्ठ."

तिला वाटलं, सुटले. हे तर सगळं खरंच होतं. पण कायेतोनास पानाकडे बघत होता.

"काय खातात?"

बेडूक म्हणाली असती तर त्याने मानलं असतं. त्याला मानायचंच होतं. पण मनगटाला अजून सापाचा वास येत होता आणि तो वास घेऊन तिला खोटं बोलवेना.

"गांडुळं," ती म्हणाली.

त्याने पान बोटांत फिरवलं. मग, "मी नेलेली."

"आपण नेलेली. बादली दोघांची होती."

"तू गप्प बस. तुला मी न्यायला लावली." त्याने पान अभ्र्यात परत ठेवलं, ओंजळ ओंजळ करत सगळा पाचोळा जमिनीवर काढून टाकला आणि रिकामा अभ्रा तिच्या हातात दिला. "असाच शिव."

त्यानंतर तो बोलला ते पाण्यापुरतं. रविवारच्या आधीच गेला.

तिने अभ्रा रिकामाच शिवला. पेटीत त्याचं डोकं फार खाली गेलं होतं, हनुवटी वर. बायका कुजबुजल्या, म्हातारीला साधी उशी भरता आली नाही. तिने ऐकलं. खड्ड्याच्या कडेला बर्नादासच्या फावड्याने कापलेली गांडुळं वळवळत होती. लोक मूठमूठ माती टाकत होते. तिने टाकली नाही.

घरी आली तेव्हा उन्हाने दगड तापला होता. त्यावर साप पसरला होता, पोट मधेच फुगलेलं. कोपऱ्यात फावडं होतं. ती फावड्याकडे बघत काही वेळ उभी राहिली. मग भिंतीला हात टेकला, दुखरा पाय उंच उचलला आणि सापाला न तुडवता आत गेली.