नेटला फोर्स नाय

आमच्या वरच्या मजल्यावरचे काका इंटरनेटला पाणीच समजतात. मुकुंदवाडीत सकाळी लोक नळाची चौकशी करतात, हे गॅलरीतून वाकून मला विचारतात, "सुटलं का नेट?" व्हिडिओ अडकला की म्हणतात, "आज फोर्स नाय." कुणाकडं चहाला गेले की आधी पासवर्ड मागतात आणि भजनं, बातम्या, नातीच्या शाळेचे धडे, सगळं मोबाइलमध्ये उतरवून घेतात. त्याला त्यांचा शब्द, "भरून घेतलं."

महापालिकेनं घरोघरी नेट द्यावं, हा त्यांचा हट्ट. "नळ दिला, दिवाबत्ती दिली, मंग नेट कामून नाय? गरिबाच्या लेकरानं रिचार्जवाल्याच्या दारात किती उभं राहायचं?"

"काका, पाणीच रोज येत नाही," मी हसायचो. "नेटही आठवड्यानं सोडतील."

"सोडू द्या की. ड्रम भरून ठेवू."

मी खासगी कनेक्शनवाला, त्यामुळे माझा तोरा वेगळा होता. परवा नव्या पाइपलाइनसाठी गल्ली खोदताना माझी केबल तुटली, तीही मुलीच्या ऑनलाइन मुलाखतीच्या ऐन वेळेला. कंपनीवाले फोन उचलेनात, माझ्या मोबाइलचा डेटाही संपलेला. काका चपला फटफटवत खाली आले, जपून वापरलेल्या रिचार्जचा आपला मोबाइल स्टुलावर ठेवून हॉटस्पॉट चालू केला आणि दाराशी पहाऱ्याला बसले. मुलाखत संपेपर्यंत गल्लीत कुणाला हॉर्न वाजवू दिला नाही.

मुलगी हसत बाहेर आली. काकांनी मोबाइल उचलला.

"झालं व्हय? मंग तोटी बंद करतो. महापालिकेचं येईस्तोर सांडायचं नाय."